एकाच आजाराचं वर्ष

माझं बटण दाबलं की डावीकडची नळी एकदम पेटत नाही. आधी ती टोकांशी तांबूस होते, थोडी लुकलुकते आणि मगच पांढरी होते. तेवढ्या वेळात शिकाऊ डॉक्टर हसून घ्यायचे, कारण मी पूर्ण उजळले की त्यांना शिकवणाऱ्या मॅडमचे प्रश्न सुरू व्हायचे.

मित्रांनो, मी इस्पितळातली एक जुनी प्रकाशपेटी आहे. पत्र्याचं अंग, दुधी काच आणि फिल्म अडकवायला वर एक पट्टी. एक्स-रेची काळी फिल्म माझ्यावर लावली की माणसाच्या आतलं दिसू लागतं. पुढे संगणक आले आणि लोक माझ्यावर आपले डगले टांगू लागले. पण मॅडमनी मला भिंतीवरून काढू दिलं नाही. जुन्या फिल्मा त्यांनी जपून ठेवल्या होत्या. शिकाऊ मुलांना मॅडम माझ्यापुढे उभं करायच्या आणि स्वतः मागे थांबायच्या. फिल्म त्यांना पाठच असायची. मुलांचं बोट आधी कुठे जातं, तेवढंच त्या बघायच्या.

"आधी कडा," त्या म्हणत. "खांदे, बरगड्या. मग हृदय. डोळ्यांत भरतं ते सगळ्यात शेवटी. ते काही पळून जात नाही."

अंगाने बारीक म्हणून जिला सगळे चिमणी म्हणत, ती डॉक्टर मुलगी शिकायला आली आणि थोड्याच दिवसांत साथ आली. मॅडमना दमा होता, त्यांना घरी बसवलं. खोलीतल्या खुर्च्या उचलल्या. चिमणी एकटीच संगणकापुढे बसू लागली. साधं ठसकलं तरी ती दचकायची आणि कपाळाला हात लावून बघायची. बाहेरून स्ट्रेचरची चाकं वाजत राहायची. माझा दिवा बंद होता, पण भीती मलाही कळत होती.

मॅडम आता फोनवरून शिकवत. घरच्या संगणकावर त्यांना चित्र दिसायचं, चिमणीचं बोट दिसायचं नाही.

संगणकावर येणारी प्रत्येक छाती एकाच आजाराची असायची. बाकीचे रोगी धास्तीने घराबाहेरच पडत नव्हते. फुप्फुसांतलं पांढरट धुकं चिमणी क्षणात ओळखू लागली.

"नाव चिमणी आणि नजर घारीची," एक्स-रे काढणारे दादा दारातूनच म्हणायचे. ती हसायची. तिलाही ते खरं वाटू लागलं होतं.

मग एका आजोबांची छाती आली. चिमणीने धुकं पाहिलं, साथ म्हणून कळवलं आणि आजोबांना साथीच्या वॉर्डात हलवलं गेलं. दुसऱ्या दिवशी मॅडमचा फोन आला.

"हृदय किती रुंद आहे, बघितलंस का बाळा?"

चिमणीने चित्र पुन्हा उघडलं.

"बघितलंस का?"

"नाही मॅडम. धुकं दिसलं आणि..."

आजोबांचं हृदय थकलं होतं, म्हणून फुप्फुसांत पाणी साठलं होतं. साथ त्यांना नव्हतीच. ज्यांना होती, त्यांच्या शेजारी मात्र ते रात्रभर झोपले होते. त्यांना तातडीने बाहेर काढलं, आणि मग वाट पाहणं आलं. ताप येतो का, धाप लागते का. चिमणी तासातासाला वॉर्डात फोन करून विचारायची. आजोबा सुखरूप घरी गेले. तिची भीती मात्र इथेच राहिली.

साथ ओसरली, मॅडम परतल्या. परीक्षा जवळ आली. ती पार पडली की चिमणी दूरच्या एका लहान इस्पितळात एकटी डॉक्टर म्हणून जाणार होती. तिच्या बाबांनी सगळ्या नात्यागोत्यात ते सांगून टाकलं होतं. त्यांचा फोन आला की ती "हो बाबा" म्हणायची आणि ठेवून दिल्यावर पुटपुटायची, "उद्या बोलते." तो उद्या काही उजाडत नव्हता.

एका सकाळी मॅडमनी मला पुसलं, दिवा लावला आणि एक जुनी फिल्म अडकवली.

"फुप्फुसं स्वच्छ आहेत," चिमणी लगेच म्हणाली.

"आणखी?"

"आणखी... धुकं नाही."

मॅडमनी फिल्मच्या कोपऱ्यात खांद्यावर बोट ठेवलं. तिथलं हाड वाळवी लागल्यासारखं पोखरलेलं होतं. चिमणीचा चेहरा माझ्या उजेडात पांढराफटक पडला.

"तुझा दोष नाही गं," मॅडम म्हणाल्या. "वर्षच तसं गेलं. परीक्षेत निभावून नेशील."

"परीक्षेत निभेल, मॅडम. तिथे माझ्या मागे कोण उभं असेल?"

मित्रांनो, माझी काच पुसा, नळी बदला, मी पुन्हा उजळेन. शिकणाऱ्या माणसाचं तसं नसतं. त्याला त्याच्या मागे उभं राहणारं कुणीतरी लागतं, आणि वेळ लागतो. तो त्याला द्या. त्याला घाईने पुढे ढकलू नका.

तेवढ्यात फोन वाजला.

"काय गं, जेवलीस का वेळेवर? झाली का तयारी?" बाबांचा आवाज खोलीभर आला.

चिमणीने मॅडमकडे पाहिलं. मॅडम तिच्या मागे जाऊन उभ्या राहिल्या.

"बाबा," ती म्हणाली, "मी यंदा परीक्षेला बसत नाही. आणखी एक वर्ष मी इथेच शिकणार आहे."