वुकाशिनने कोरून घेतलेलं साल

एका हिवाळ्यात आमच्याकडे एवढी थंडी पडली की द्रिना नदीतून उडी मारलेले मासे हवेतच गोठले, आणि मी शिडी लावून ते सफरचंदांसारखे तोडून आणले. हे मीच सांगितलेलं आहे, म्हणजे खोटं आहे. तिहोमिरच्या, म्हणजे माझ्या, शब्दाचं वजन किती, हे गावातल्या कोंबड्यांनाही ठाऊक. म्हणून त्या गुरुवारी सकाळी वुकाशिनची बायको देसांका धापा टाकत माझ्याच दारात आली, तेव्हा मला नवल वाटलं.

"भावजी, ते दफनभूमीत जाऊन बसलेत. स्वतःच्या दगडापाशी. उठतच नाहीत. साडेनऊची बस गेली तर उद्याचं ऑपरेशन गेलं, आणि पुढची तारीख थेट वसंतात."

आतड्याचा कॅन्सर. आत्ता काढला तर माणूस जगेल, वसंतापर्यंत थांबलात तर मी काही सांगू शकत नाही, असं डॉक्टरांनी तिला बजावलं होतं. नवऱ्याला मात्र तिने अल्सर सांगितला. आमच्याकडे हीच रीत. रोग्याला सोडून सगळ्या गावाला सांगायचं.

"मी काय करू, वहिनी?"

"काहीतरी थाप मारा. तुम्हाला जमतं."

नऊ वाजून पाच झाले होते.

आमची माणसं जिवंतपणीच आपला दगड उभा करतात. नाव, जन्मसाल, पुढे एक आडवी रेघ, आणि मग कोरी जागा. माझ्या काकाने घाईघाईत मृत्यूच्या सालाचं 'एकोणीस'ही कोरून घेतलं आणि मेला दोन हजार सातमध्ये. तो दगड अजून खोटं बोलतोय. पण वुकाशिनच्या दगडाशी पोचलो आणि माझे पाय थबकले. रेघेपुढे हे चालू साल अख्खं कोरलेलं होतं. पांढरी भुकटी अजून आकड्यांत होती.

"ये, कूमा," तो म्हणाला. त्याच्या लग्नात साक्षीला मी उभा होतो, म्हणून आम्ही एकमेकांचे कूम. "बस. थंड आहे, पण बस."

"हे काय केलंस?"

"पाथरवट आलाच होता शेजारच्या कबरीला. म्हटलं, पुन्हा कशाला हेलपाटा."

"अल्सरने कोणी मरतं का?"

"अल्सरवाल्याला मिलोये स्वतःहून लाकडं फोडून देतो का? वीस वर्षं बांधावरून भांडलाय माझ्याशी. परवा मी पत्त्यांत उघड लबाडी केली, तर सगळे हसले. एकाने शिवी दिली नाही. तेव्हाच कळलं, मी मेलोय." त्याने दगडावरून हात फिरवला. "मेलेल्याला कापून काय मिळणार त्यांना?"

थाप तयार होती जिभेवर, चांगली गुबगुबीत. गिळली.

"तुला कॅन्सर आहे," मी म्हणालो. "आणि तो निघतो. माझा निघाला."

तो एवढा हसला की त्याला पोट धरावं लागलं. "तुझा? कधी?"

"पाच वर्षांपूर्वी. ग्रीक जहाजावर स्वयंपाकी होतो, ते चार महिने."

"शार्कला तू लापशी भरवलीस ते?"

"शार्क नव्हता. जहाजही नव्हतं. रुग्णालय होतं."

"कूमा, आज तरी नको रे. मरणाऱ्यापाशी तरी..."

खालून देसांकाने हाक मारली. रस्त्यावर तिच्या पायाशी बोचकं दिसत होतं. नऊ पंचवीस झाले होते.

मी कोट काढला. शर्टाची बटणं काढली. डाव्या कुशीवर चिकटवलेली शौचाची पिशवी पाच वर्षांत माझ्या बायकोशिवाय आणि नर्सशिवाय कोणी पाहिली नव्हती. वारा सुईसारखा टोचत होता. वुकाशिनचं हसू थांबलं. त्याने आधी पिशवीकडे पाहिलं, मग माझ्याकडे, मग पुन्हा पिशवीकडे.

"दुखतं?"

"आता नाही. लाज दुखते. अशाच पिशव्यांचे आम्ही सहा जण दर मंगळवारी शहरात बसतो आणि तीच बोलून काढतो. एक बाई असते ऐकायला. तिथे मी थापा मारत नाही. कोणी विश्वास ठेवेल अशी भीती वाटते."

वळणापलीकडे बसचं इंजिन ऐकू आलं. मला त्याला खांद्यावर टाकून पळावंसं वाटलं.

"ती शेजारी कशी झोपणार?" त्याने अगदी हळू विचारलं. "असल्या पिशवीशेजारी?"

हाच होता तर गाभा. इथे एक सुंदर थाप चालली असती.

"माझी दोन महिने स्वयंपाकघरात झोपली," मी म्हणालो. "मला वाटलं, संपलं. मग एकदा आली आणि म्हणाली, सरक तिकडे, माझे पाय गारठलेत. बस्स. तुझं काय होईल, मला माहीत नाही."

वुकाशिन दगडाला धरून उठला. उतारावर मी त्याच्या मागे, शर्ट सावरत. बस येऊन थांबली होती, ड्रायव्हर हॉर्नवर हात ठेवून. देसांका नवऱ्याचा चेहरा वाचायला बघत होती.

"देसांके," तो म्हणाला, "मला अल्सर नाही. कॅन्सर आहे."

तीन आठवडे कोरड्या डोळ्यांनी वावरलेली ती बाई रस्त्याच्या कडेला बोचक्यावरच बसली.

"कुणी सांगितलं?"

"तिहोमिरने."

"आणि तुम्ही विश्वास ठेवला?"

"ऊठ," तो म्हणाला, आणि तिला हाताला धरून बसमध्ये चढवलं. मग स्वतः चढला.