अर्धा कप चहा

आई गेल्यावर दादाचं कसं होणार, याच काळजीने मला घेरलं. दादा म्हणजे माझा थोरला भाऊ, पन्नाशीचा, हाडाचा शिंपी. विशीत त्याला नसलेले आवाज ऐकू यायला लागले, तेव्हापासून औषधं चालू. आईने शेवटपर्यंत निभावलं. मी दुसऱ्या गावात, नोकरी आणि संसारात अडकलेली.

आधी त्याला ज्या संस्थेत ठेवलं, तिथे जेवण वेळेवर आणि फरशी चकचकीत. पण खोलीला आतून कडी नव्हती, आणि हा माणूस काय काम करायचा हे कुणी विचारलंही नाही. सहा महिन्यांत दादा माझ्याशीसुद्धा हो-नाहीपुरतंच बोलायला लागला.

मग अशा आजारातल्या माणसांसाठी चालवलेलं हे घर मिळालं. चार माणसं, प्रत्येकाची आपली खोली, आपली किल्ली. दिवसभर सोबतीला एक बाई, पूर्वी बसवर कंडक्टर होती. तिला सगळे मावशी म्हणतात. पहिल्या दिवशी तिने दादालाच विचारलं, "सकाळी किती वाजता उठायला आवडतं तुम्हाला?"

सवयीने मी तोंड उघडलं. "ताई, त्यांना सांगू दे," ती म्हणाली. "मला घाई नाही."

बऱ्याच वेळाने दादा म्हणाला, "साडेसात."

दोनेक महिन्यांनी तिचा फोन आला. दादा चहाला खाली येत नव्हता. मला वाटलं, आजाराने परत डोकं वर काढलं, दुसरं काय?

"मला तसं नाही वाटत," मावशी म्हणाली. "खोलीत एकटे असले की पितात. हात थरथरतो, चारचौघांत सांडेल म्हणून लाजत असतील."

दुसऱ्या दिवसापासून तिने सगळ्यांनाच अर्धा कप चहा द्यायला सुरुवात केली. वरच्या खोलीतले निवृत्त मास्तर कुरकुरले, "मावशी, दूध आटलं की माया आटली?"

"चार वेळा घ्या की. पण अर्धाच मिळेल."

तिसऱ्या दिवशी दादा खाली आला आणि दोन्ही हातांत कप धरून सगळ्यांबरोबर चहा प्याला.

मावशी तिथेच थांबली नाही. थरथर कधी वाढते, गोळीनंतर किती वेळाने, शर्टाची बटणं लावायला किती वेळ लागतो, हे तीन आठवडे तिने दादाला विचारून विचारून वहीत टिपलं. डॉक्टरांकडे जायच्या दिवशी मीही रजा टाकून गेले.

डॉक्टरांनी माझ्याकडे बघत विचारलं, "कसे आहेत?" मावशीने वही दादापुढे सरकवली.

दादा म्हणाला, "डॉक्टर, सुईत दोरा ओवता येत नाही मला. कितीतरी वर्षांपासून."

मी खाली मान घातली. इतकी वर्षं आई आणि मी 'शांत आहे' एवढंच सांगत आलो होतो. तो शांत असला की आमचं भागत होतं.

डॉक्टरांनी वही पहिल्या पानापासून वाचली, थरथर गोळ्यांमुळेच आहे म्हणाले आणि डोस टप्प्याटप्प्याने कमी केला. मध्ये एक आठवडा आवाज वाढले, तर दादाने आपणहून मावशीला सांगितलं. डॉक्टरांनी डोस एक पायरी परत वाढवला आणि तिथेच ठेवला. थरथर पुरती गेलेली नाही. पण आता दादा आठवड्यातून तीन दिवस कोपऱ्यावरच्या कपडे दुरुस्तीच्या दुकानात बसतो. पँट आखूड करतो, चेन बदलतो.

"तुमचे उपकार कसे फेडू, मावशी?" मी एकदा म्हणाले.

"उपकार कसले? हे कामच आहे माझं. एवढं करा, खुशाली विचारायला मला फोन नका करू. त्यांना करा."

तेव्हापासून मी त्यालाच करते. गेल्या शनिवारी केला तर म्हणाला, "आत्ता नको गं, गिऱ्हाईक उभं आहे," आणि ठेवूनही दिला.

"काय म्हणाला दादा?" यांनी विचारलं.

"कामात आहे," मी सांगितलं. हे एवढंसं वाक्य बोलले आणि मी मनातल्या मनात मावशीला हात जोडले.