म्हशीला कळंल अशी फाईल

कडूबाई पुण्याला गेली त्या दिवसापासून चंद्रीनं पान्हा चोरला. म्हैस ती म्हैस, पण मनात आणलं तर चांगल्या शहाण्या माणसाच्या तोंडचं पाणी पळवते. कडूबाईच्या नवऱ्याचं, तामलवाडीच्या कोंडीरामाचं, तिनं चार दिवसांत तेच केलं. उन्हाळ्यात रेडकू दगावलं, तेव्हापासून ती फक्त कडूबाईच्या आवाजावर दूध द्यायची. कडूबाई खाली बसून बोलायला लागली की बादली भरायची. कोंडीराम खाली बसला की पावशेर दूध, आणि वर एक लाथ.

त्यानं करायचं काय बाकी ठेवलं होतं? सरकीची पेंड दुप्पट टाकली. कोमट पाण्यानं कास धुतली. एकदा तर आजूबाजूला कुणी बघत नाही याची खात्री करून बायकोचं जुनं लुगडं अंगावर घेतलं आणि गोठ्यात शिरला. चंद्रीनं लुगडं हुंगलं, त्याच्या मिशांकडं बघितलं आणि मान फिरवली. त्या दिवशी तर पावशेरसुद्धा निघालं नाही.

हसण्यावारी न्यायची गोष्ट नव्हती ही. लेक हर्षालीचं दुसरं बाळंतपण होतं. डॉक्टरांनी प्रवास नको म्हटल्यामुळं तिला माहेरी आणता आलं नाही, म्हणून आईच तिकडं गेली. तीस वर्षांत कडूबाई सलग चार दिवस घराबाहेर राहिली नव्हती. दर वेळी कारण एकच, गोठा. या वेळी कोंडीरामानं लेकीला छातीठोक शब्द दिला होता, की आईला सव्वा महिना ठेवून घे, इकडचं मी बघतो. आणि पाचव्या दिवशी कडूबाईचा फोन आला, की दूध तुंबून कास सुजली तर जनावर हातचं जाईल.

"उद्याच्या सांजच्याला दूध उतरलं न्हाय, तर म्या परवाच्या येष्टीत बसते," ती म्हणाली. मागून हर्षालीचं रडणं ऐकू आलं. कोंडीरामाला स्वतःची लाज वाटली. एका म्हशीपायी लेकीला दिलेला शब्द पाण्यात जायला निघाला होता.

फोनवरून बोलायचा प्रयोग आधीच झाला होता. गोठा ओढ्याकडंला, खोलात. तिथं रेंज येते तशी जाते. कडूबाईचं "ये गं चं" एवढंच आलं आणि फोन मुका झाला. चंद्रीनं फोनवर शिंग उगारलं. मग हर्षालीनंच तोड काढली. आईला म्हणाली, तू गोठ्यात रोज जसं बोलतेस तसं बोल, मी रेकॉर्ड करते. कडूबाईनं एकच अट घातली, की हे फक्त म्हशीनं ऐकायचं, दुसऱ्या कुणी नाही.

ते रेकॉर्डिंग शेजारच्या लिंबाजीच्या फोनवर आलं. लिंबाजी दोन्ही वेळा डेअरीची गाडी घेऊन जातो, त्यामुळं धारेच्या वेळी त्याचा फोन मिळायचा नाही. त्यानं ते ऐकायच्या भानगडीत न पडता ब्लूटूथनं कोंडीरामाच्या फोनवर टाकलं. कोंडीरामाचा फोन बटणांचा, मोठ्या आवाजाचा. त्यावर भजनं वाजतात, लावण्या वाजतात, पण बायको काही वाजेना. काचेवर इंग्रजीत एक ओळ आली. दोघांनी ती उलटसुलट करून बघितली. शेवटी लिंबाजी म्हणाला, तुमच्या फोनला वहिनींचा आवाज पचत नाही, भैरवीबाईंकडं जा.

भैरवीबाईंचं दुकान हायवेला, येष्टीच्या थांब्याजवळ. मूळच्या तुळजापूरच्या, मास्तरांच्या घरातल्या. झेरॉक्स, ऑनलाइन फॉर्म, सगळं बघतात. त्यांनी लिंबाजीकडून रेकॉर्डिंग आपल्या कॉम्प्युटरवर मागवून घेतलं आणि म्हणाल्या, "काका, ही फाईल वेगळ्या प्रकारची आहे. तुमच्या फोनला एमपीथ्री लागते. बदलून घ्यावी लागेल."

"बदलून म्हंजी?"

"म्हणजे आवाज तोच, फक्त ठेवायची पद्धत वेगळी."

कोंडीराम विचारात पडला. बदलून घेणं म्हटलं की त्याला एकच यंत्र ठाऊक होतं, पिठाची गिरणी. वरून जोंधळा घातला की खालून पीठ येतं. पण एकदा दळलेला जोंधळा परत काही कणगीत येत नाही. त्यानं विचारलं, की दळून झाल्यावर मूळचा आवाज राहील का? बाई म्हणाल्या, राहील, जसाच्या तसा. आता हे कसं शक्य आहे? पीठही मिळायचं आणि जोंधळाही शिल्लक राहायचा, अशी गिरणी असती तर गावात कुणी नांगर धरला असता का?

मग त्याला दुसरी शंका आली. आवाज मधल्या वेळात जातो कुठं? कुठल्या परगावच्या कंपनीत जाऊन येतो का? कारण कडूबाईनं बजावलं होतं, दुसऱ्या कुणी ऐकायचं नाही. बाईंनी समजावलं, की ही वेबसाइट उघडली तरी काम याच कॉम्प्युटरमध्ये, ब्राउझरमध्येच होतं, फाईल बाहेर जात नाही. खात्री पटावी म्हणून त्यांनी इंटरनेटची वायर काढून टेबलावर ठेवली. कोंडीरामानं वायरीकडं बघितलं, पडद्याकडं बघितलं आणि मान डोलावली. कळलं काहीच नव्हतं. पण वायर काढलेली होती, एवढं खरं.

पडद्यावर फाईलच्या पाच-सहा प्रकारांची यादी आली. बाईंनी विचारलं, की काका, फाईल लहान करून आवाज थोडा उतरला तर चालेल, की मोठीच करू?

"जे म्हशीला कळंल ते करा," कोंडीराम म्हणाला.

बाई हसल्या नाहीत, हे त्यांचं मोठेपण. हिरवी पट्टी डावीकडून उजवीकडं सरकत गेली आणि झालं. नीट आलंय का बघायला त्यांनी ते वाजवलं. दुकानात पीकविम्याचे फॉर्म भरायला तिघं बसले होते. स्पीकर मोठा होता.

"ये गं बाय चंद्रे. ये. सोड गं माजी लक्षुमी. सोड," कडूबाई म्हणाली, आणि कोंडीराम चकित झाला. एवढ्या लाडिक आवाजात ती बोलते? हा आवाज त्यानं घरात कधी ऐकला नव्हता. थोडा वेळ असंच चाललं. मग आवाज रोजचा झाला. "काय सांगू तुला चंद्रे. ह्या मानसाच्या घरात तीस वर्सं काडली म्या. कालवणात मीठ जास्त झालं की बराबर कळतं ह्येंना. बराबर झालं की कदी कळलं न्हाय."

तिघांनी एकदम आपापल्या फॉर्ममध्ये डोकी घातली. एकाचा तर फॉर्म उलटा होता. कोंडीरामाच्या कानाच्या पाळ्या तापल्या. तो घाईघाईनं म्हणाला, "बास, बास. म्हशीचं तेवढं ठेवा. हे आमच्या घरचं हाय, हे कापा."

बाईंनी विचारलं, पूर्ण चार मिनिटांचं आहे, नक्की कापू? त्यानं ऐकून घेतलं नाही. मग त्यांनी लाडाची तेवढी चाळीस सेकंदं ठेवली, त्याच्या फोनच्या मेमरी कार्डात भरून दिली, आणि तो मान खाली घालून बाहेर पडला.

संध्याकाळी गोठ्यात त्यानं फोन गव्हाणीच्या काठावर ठेवला आणि बटण दाबलं. "ये गं बाय चंद्रे." चंद्रीनं कान टवकारले. कोंडीरामाच्या मागं कुणी उभं आहे का ते मान वळवून बघितलं. त्यानं सडांना हात लावला. दोन धारा आल्या. तेवढ्यात चाळीस सेकंदं संपली आणि दूधही संपलं. त्यानं पुन्हा लावलं. पुन्हा लावलं. बारा वेळा लावलं. "सोड गं माजी लक्षुमी" बारा वेळा ऐकल्यावर चंद्रीनं बादली उडवली आणि कोंडीराम शेणात बसला.

त्याचं डोकंच चालेना. आवाज तोच, शब्द तेच, म्हैस तीच. मग घोडं पेंड खातंय कुठं? रात्रभर त्याच्या मनात एकच येत राहिलं, की त्या यंत्रानं आवाजातला कस खाल्ला. गिरणीतसुद्धा पसाभर पीठ जात्यातच राहतं. आणि आता तर मूळचा आवाजही गेला, कारण कापायला आपणच सांगितलं होतं. आपल्या हातानं पायावर धोंडा पाडून घेतला.

सकाळी पुन्हा पावशेरच दूध निघालं. कास हाताला टणक लागायला लागली होती. दुकान उघडायच्या आधीच तो पायरीवर जाऊन बसला. भैरवीबाई आल्या तशी त्यानं तक्रार सुरू केली, की तुमच्या गिरणीनं बायको निम्मी केली, म्हैस ओळखत नाही. बाईंनी शांतपणे कुलूप काढलं, कॉम्प्युटर लावला आणि पडद्यावर बोट ठेवून दाखवलं.

"ही बघा मूळ फाईल. चार मिनिटं दहा सेकंद. काल आली तशीच आहे."

"पर म्या कापली की ती."

"कापली ती नक्कल होती, काका. मूळ कुठं जातंय?"

कोंडीराम बघतच राहिला. म्हणजे जोंधळा खरोखर कणगीतच होता. गणित सुटलं नाही, पण जिवात जीव आला. मग बाईंनी एक साधा प्रश्न विचारला, की काकू धार काढताना रोज किती वेळ बोलतात आणि काय बोलतात? कोंडीरामाला सांगता येईना. धारेच्या वेळी तो असायचा हायवेच्या हॉटेलात चहाला. बायको गोठ्यात काय बोलते, हे तीस वर्षांत त्याला ठाऊक नव्हतं. ठाऊक होतं ते फक्त म्हशीला.

बाई म्हणाल्या, "मग कुठलं कामाचं आणि कुठलं बिनकामाचं, हे आपण कसं ठरवायचं? पूर्ण देते." या वेळी त्यांनी आवाज मोठ्यानं लावून बघितला नाही. कानाला हेडफोन लावला, दोन क्षण ऐकून काढून ठेवला आणि कार्ड त्याच्या हातात दिलं.

संध्याकाळ झाली. हा शेवटचा डाव होता. पुण्यात कडूबाईनं पिशवी भरून दारात ठेवल्याचं हर्षालीनं दुपारीच कळवलं होतं. कोंडीराम चंद्रीच्या खाली बसला आणि बटण दाबलं.

लाडाची चाळीस सेकंदं गेली. दोन धारा आल्या आणि थांबल्या. मग मिठाचं आलं. कोंडीरामानं मान खाली घातली. आणि त्याच वेळी चंद्रीनं लांब उसासा सोडला, डोळे अर्धे मिटले आणि रवंथ करायला लागली. त्याच्या हातातले सड भरून आले. बादलीत धार वाजली, मग दुसरी, आणि मग थांबेचना. चंद्री ज्याची वाट बघत होती ते लाड नव्हतेच. इतक्या वर्षांची सवय तिला होती ती या गाऱ्हाण्याची.

आता पंचाईत अशी झाली, की फोन बंद करावा तर दूध बंद, आणि चालू ठेवावा तर ऐकणं आलं. दोन्ही हात गुंतलेले, कान झाकायची सोय नाही. कोंडीराम ऐकत राहिला. भावाच्या लग्नाला जायचं राहिलं ते ऐकलं. पाण्याचा हंडा उचलताना कंबर धरली ते ऐकलं. खोटं काहीच नव्हतं त्यात, आणि हे सगळं तो पहिल्यांदा ऐकत होता. बादली निम्म्याच्या वर गेली, तेव्हा कडूबाईचा आवाज खाली आला.

"मागल्या साली मला ताप आलता, ध्यानात हाय न्हवं तुज्या? म्या हितंच भिताडाला टेकून बसले, तवा तू रेकलीस. ह्येंनी भायेरून इचारलं, दूद कमी का आलं म्हून. तू जनावर असून कळलं तुला. आसूं दे. मानूस वाईट न्हाय गं. इचारायचं कुनी शिकवलंच न्हाय त्येला. सोड बाय, सोड."

फोन थांबला. बादली काठोकाठ भरली होती. मागच्या वर्षीचा तो दिवस त्याला आठवला. दूध कमी आल्याचं आठवलं, तापाचं काहीच आठवलं नाही, आणि त्यालाच जास्त वाईट वाटलं. त्यानं चंद्रीच्या पाठीवर हात ठेवला. तिनं शेपूट हलवली, पण लाथ मारली नाही.

बादली घरात ठेवून तो रस्त्याकडंला, रेंज असते तिथं, उभा राहिला आणि पुण्याला फोन लावला. कडूबाईनं आधी म्हशीचं विचारलं. बादलीभर दूध निघालं, कास मोकळी झाली, असं त्यानं सांगितलं. तिनं दोनदा विचारून खात्री करून घेतली. मग म्हणाली, बरं झालं, मग पिशवी सोडते, राहते सव्वा महिना. पलीकडं हर्षालीचं हसणं ऐकू आलं. बोलायचं तेवढं बोलून झालं होतं. एरवी इथंच तो फोन ठेवतो.

"ठिवू का?" कडूबाईनं विचारलं.

"थांब," कोंडीराम म्हणाला. मग एकदाचं विचारून टाकलं. "तू जेवलीस का?"

पलीकडून काहीच आवाज आला नाही. रेंज गेली की काय म्हणून त्यानं फोन कानापासून काढून बघितला. काड्या सगळ्या होत्या. पुन्हा कानाला लावला, तेव्हा कडूबाई घाबऱ्या आवाजात विचारत होती.

"अवो, तुमाला ताप-बीप तर न्हाय ना आला?"