ओल कुणाच्या नळाची?

जानेवारीतल्या एका सकाळी चंद्रशेखर भुतेकर बिछान्यातून उठला आणि त्याची नजर छताकडे गेली. बाथरूमला लागून असलेल्या कोपऱ्यात ताटाएवढा ओला डाग पडला होता. चार दिवसांत तो परातीएवढा झाला, रंगाचे पोपडे सुटले आणि गादीवर थेंब पडू लागले. पाऊस जाऊन तीन महिने झाले होते. म्हणजे पाणी वरच्या घरातूनच येत असणार! चंद्रशेखरला यापुढे विचार करण्याची गरजच वाटली नाही.

चिखलीतली ही इमारत लहानशी. खाली पार्किंग, वर दोन मजले आणि मिळून सहा घरं. चंद्रशेखर पहिल्या मजल्यावर बायको प्रेरणासोबत राहत असे. बाजारात त्याचं कृषी केंद्र होतं आणि इमारतीत त्याच्या शब्दाला वजन होतं. त्याच्या डोक्यावरचं घर वर्षभर रिकामं होतं. ते डिसेंबरात सारिका अवसरमोल हिने विकत घेतलं. सारिका सरकारी दवाखान्यात नर्स होती. सोबत तिची आई, चांगुणाबाई. त्यांच्या बैठकीत समोरच्याच भिंतीवर बुद्धाची आणि बाबासाहेबांची तसबीर होती. दार उघडं असलं की जिन्यातून ती दिसायची, आणि ती दिसल्यापासून चंद्रशेखरचा नमस्कार बंद झाला होता.

डाग दिसल्याच्या पाचव्या दिवशी तो वर गेला. घंटा न वाजवता त्याने दारावर थाप मारली.

"ओ बाई, तुमच्या बाथरूमचं पाणी माह्या बेडरूममध्ये पडून राह्यलं. फरशी फोडा आन् दुरुस्त करा."

सारिका ड्युटीवरून नुकतीच आली होती. तरी तिने त्याला आत बोलावून बाथरूम दाखवली. "भाऊ, पाहा. फरशी कोरडी आहे, जाळीतून पाणी बरोबर जाते. मी मिस्तरी बोलावतो, आधी कुठून येऊन राह्यलं ते तर पाहू."

"पाहाचं काय त्यात? वरून खालीच येते ना पाणी? का खालून वर जाते?"

"फोडल्यावर नाई सापडलं तर?"

"मले शिकवू नका!" चंद्रशेखर ओरडला आणि जिना उतरला.

रविवारी पार्किंगमध्ये खुर्च्या मांडून मीटिंग झाली. अध्यक्ष शेषराव हे निवृत्त तलाठी, शांत माणूस. कुणाशी वाईटपणा न घेणं यालाच ते शहाणपण समजत. चंद्रशेखर उभा राहिला आणि सगळ्यांदेखत बोलला, "इमारतीले अकरा वर्षं झाली. कधी ओल आली नाई. हे लोक आले आन् ओल आली. ज्याइले पक्क्या घरात राहाचं वळणच नाई, त्याइले काय कळंन बाथरूम कशी वापराव ते!"

सारिका खुर्चीतून उठली. "'हे लोक' म्हणजे कोन, भाऊ? नाव घेऊन सांगा."

कुणी मान वर केली नाही. शेषराव घाईघाईने म्हणाले, "जाऊ द्या ताई, शब्दाले शब्द नका वाढवू."

वाचकहो, इथे क्षणभर थांबा. तिथे इतर चार घरांतली माणसं बसली होती. त्यांतल्या एकानेही "भुतेकर, हे चुकलं" असं म्हटलं नाही. आपण अशा किती बैठकांना बसलो असू, आणि किती वेळा चपलांकडे पाहत राहिलो असू!

आठवडा गेला. थेंब थांबेनात. चंद्रशेखरने पलंग सरकवला, खाली बादली ठेवली आणि रोज तिच्याकडे पाहून त्याचा राग वाढत गेला. शेवटी एका सकाळी तो गच्चीवर गेला, सारिकाच्या घराला पाणी जाणारा टाकीचा कॉक त्याने बंद केला आणि कॉकची मूठच काढून खिशात टाकली.

"अहो, म्हातारं माणूस आहे त्या घरात," प्रेरणा म्हणाली. "पाणी तोडणं बरं दिसते का?"

"नळ कोरडे झाले का अक्कल येते बरोबर."

दोन दिवस वरच्या घरात पाण्याचा थेंब नव्हता. सारिकाने पहिल्या दिवशी शेषरावांना फोन केला, ते म्हणाले बघतो. ती ड्युटीला गेल्यावर चांगुणाबाई पार्किंगमधल्या नळावरून लहान कळशीने पाणी वर नेत. दुसऱ्या दिवशी दुपारी पहिल्या मजल्याच्या वळणावर त्यांचा पाय ओल्या पायरीवरून सटकला. कळशी गडगडत खाली गेली आणि पासष्ट वर्षांची बाई उजव्या हातावर पडली. आवाज ऐकून प्रेरणा धावली. तिनेच त्यांना उठवलं, ऑटोत बसवलं, सारिकाच्या दवाखान्यात नेलं. मनगटाचं हाड मोडलं होतं.

संध्याकाळी चंद्रशेखरने कॉकची मूठ मुकाट्याने जागेवर बसवली. पण तोंड बंद ठेवलं नाही. जिन्यात सारिका भेटली तेव्हा तो म्हणाला, "आमी काय ढकललं काय तुमच्या आईले?"

सारिका त्याच्याकडे वळली. "मी आत्ता पोलीस ठाण्यात जाऊ शकतो. मीटिंगमध्ये काय बोलले त्याचे साक्षीदारबी आहेत. पण आधी मले हे पाणी कुठून येते ते पाहाचं आहे. उद्या सकाळी मिस्तरी येऊन राह्यले. तुमी घरी राहा."

दुसऱ्या दिवशी इंद्रभान मिस्तरी आले. मूळचे बीबी गावचे. चाळीस वर्षं नळाचं काम केलेले, बोटं पान्यासारखी कडक. सोबत एक पिशवी, हातभर लांबीची लोखंडी सळई आणि लाल रंगाची पुडी, बस.

"पहिल्यांदा हिची फरशी फोडा," चंद्रशेखर म्हणाला.

"घन तर कोणीबी मारते, भाऊ," इंद्रभान म्हणाले. "फोडणं सगळ्यात शेवटी असते."

त्यांनी सारिकाच्या बाथरूमची जाळी बंद करून फरशीवर पाणी साठवलं आणि त्यात लाल रंग कालवला. तासातासाने ते खाली येऊन छत बघत. संध्याकाळपर्यंत थेंब पडत राहिले, पण एकही लाल नव्हता. रात्रभर ते पाणी तसंच ठेवलं. सकाळी बादलीतलं पाणी स्वच्छच होतं.

"फरशीतून नाई येत," इंद्रभान म्हणाले. "आता या ताईच्या नळाची लाइन पाहू. दोन दिवस यायच्या घराचा कॉक बंद ठेवा लागंन."

सारिका कडवटपणे हसली. "ते काम भाऊनं आधीच केलं, मिस्तरी. मीटिंगमध्ये आमाले 'हे लोक' म्हटलं, आन् मंग दोन दिवस आमचं पाणी तोडलं होतं."

इंद्रभान वळले. "खरं काय? पुरे दोन दिवस? टाकीतून थेंब नाई?"

"नाई," चंद्रशेखर पुटपुटला.

"मंग त्या दोन दिवसांत तुमच्या खोलीत पाणी टपकणं बंद झालं होतं?"

चंद्रशेखरची नजर बादलीकडे गेली. खोलीत बादलीत पडणाऱ्या थेंबाचा आवाज ऐकू येत होता. उत्तर प्रेरणाने दिलं. "नाई झालं. दोन्ही दिवस मीच बादली रिकामी केली. म्या यायले म्हटलंबी होतं, का वरचं पाणी बंद आहे तरी हे कसं काय भरते! माह्यावरच खेकसले."

"अरे भाऊ!" इंद्रभानांचा आवाज चढला. "पाणी बंद, नळ कोरडे, तरी तुमच्या घरात गळती चालूच! याच्याहून मोठा पुरावा कोनता पाह्यजे होता? पुरावा तुमच्या पलंगाखाली बादलीत पडून राह्यला होता. पण तुमाले पाण्याचा उगम शोधाचाच नव्हता. तुमाले गुन्हेगार पाह्यजे होता, आन् तो तुमी यायची तसबीर पाहूनच ठरवला!"

चंद्रशेखरने छताकडे पाहिलं. "मंग पाणी येते कुठून?"

इंद्रभान पुन्हा वर गेले. सगळे त्यांच्या मागे. त्यांनी सळईचं एक टोक बाथरूमच्या भिंतीला टेकवलं, दुसरं कानाला लावलं आणि वीत-वीत सरकत कोपऱ्यापर्यंत आले. तिथे आतून पाण्याचा आवाज आला तसे थांबले. मग तळहात टाइलवर ठेवला.

"ताई, तुमचा गिझर कोनता?"

"गिझर नाईच आमच्याकडे. अंघोळीचं पाणी गॅसवर तापवतो."

"मंग ही भिंत कोमट काऊन आहे? हात लावून पाहा."

सारिकाने हात लावला. प्रेरणाने लावला. चंद्रशेखरने लावला, आणि पुढचं त्याला कुणी सांगायची गरज उरली नाही. गच्चीवर एकच सोलर हीटर होतं. त्याचं! दिवाळीच्या आधी त्याने ते बसवलं, तेव्हा वरचं घर रिकामं होतं. बाहेरून पाइप आणला तर लांब पडतो म्हणून जुन्या मालकाला फोनवर विचारून त्याने गरम पाण्याची लाइन याच कोपऱ्यातून भिंत खोदून खाली नेली होती आणि वरून टाइल लावून घेतली होती. नव्या मालकिणीला हे सांगायचं कुणाच्या डोक्यातच आलं नाही.

इंद्रभानांनी गच्चीवर जाऊन सोलरचा कॉक बंद केला. दुसऱ्या दिवशी सकाळी बादली कोरडी होती. मग त्यांनी कोपऱ्यातल्या फक्त दोन टाइल काढल्या. आत पाइपाच्या वळणावरचा एल्बो, म्हणजे कोपरासारखा जोड, चिरला होता. थंड पाण्याचा साधा एल्बो गरम पाण्याच्या लाइनीला लावलेला. तापून, निवून, तापून तो फाटला आणि पाणी भिंतीतून स्लॅबमध्ये झिरपत राहिलं.

"पाणी वरून खालीच आलं, भाऊ," इंद्रभान म्हणाले. "पण होतं तुमचंच."

संध्याकाळी चंद्रशेखर सारिकाच्या दाराशी गेला. आवाज खाली ठेवून म्हणाला, "ताई, चुकलं माह्यं. भिंत मी नीट करून देतो. लाइनबी बाहेरून नेतो."

सारिका उंबरठ्यावरून हलली नाही. "भिंतीचं ठीक आहे. पण भाऊ, अपमान तुमी पार्किंगमध्ये केला, सगळ्याइसमोर. माफी जिन्यात काऊन? तेबी इतक्या हळू?"

तिने दार लावून घेतलं.

दोन दिवस चंद्रशेखर धुसफुसत राहिला. एवढं केलं तरी तिचा तोरा उतरत नाही, असं तो प्रेरणाला म्हणाला. प्रेरणा भाजी निवडत होती. हात न थांबवता ती म्हणाली, "त्या दिवशी जिन्यात म्या त्या बाईले उचललं, तेव्हा तिनं मोडलेला हात पदराखाली लपवला होता. का तर 'तुमच्या घरच्याइले वाईट वाटंन' म्हणे. तुमी तिले वळण नाई म्हटलं होतं."

चंद्रशेखर उठून शेषरावांकडे गेला. येत्या रविवारी मीटिंग बोलवा, असं त्यानेच त्यांना सांगितलं.

पुन्हा त्याच खुर्च्या, तीच माणसं. चंद्रशेखर उभा राहिला. शेषराव लगेच म्हणाले, "झालं गेलं आता, चंद्रशेखरभाऊ. पाइप सापडला ना? विषय संपला."

"नाई संपला, काका," चंद्रशेखर म्हणाला. "गळती माह्या सोलरची होती हे सगळ्याइले कळलं. पण म्या इथं 'हे लोक' म्हटलं होतं. यायची जात पाहून म्हटलं होतं. यायच्या जागी दुसरं कोनी असतं त म्या आधी मिस्तरी बोलावला असता. यायचं पाणी म्या तोडलं, आन् चांगुणाबाईचा हात माह्यामुळे मोडला. मी हात जोडून माफी मांगतो."

कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. शेषरावांनी चष्मा काढून पुसला आणि म्हणाले, "माफी मलेबी मांगाव लागंन. अध्यक्ष असून मी गप्प बसलो."

चांगुणाबाई प्लास्टरचा हात गळ्यात अडकवून शेवटच्या खुर्चीवर बसल्या होत्या. त्या सावकाश बोलल्या. "हात दीड महिन्यात जुळते म्हणे. तुमचा तो शब्द नाई जुळणार इतक्या लवकर, भाऊ. पण आज तुमी सगळ्याइसमोर बोलले, हेबी मी ध्यानात ठेवीन." एवढं बोलून त्या सारिकाचा हात धरून वर गेल्या.

बंधू-भगिनींनो, आपल्या छताला ओल दिसली तर आधी आपल्याच घरातले कॉक एकेक करून बंद करून पाहा, मग शेजाऱ्याचं दार ठोठावा. आणि संशय घ्यावासा वाटला तर स्वतःला एक प्रश्न विचारा: माझ्याकडे पुरावा आहे, की फक्त त्या माणसाची जात मला माहीत आहे? ज्या घरात हा प्रश्न प्रामाणिकपणे विचारला जाईल, त्या घरातून कुणाचं पाणी तोडलं जाणार नाही!