डाव्या पंखाचा बोल्ट

दातांचे डॉक्टर फ्लाइंग क्लबच्या छोट्याशा अल्ट्रालाइट विमानासकट कोसळून गेले त्याला पाच दिवस झाले होते, आणि त्या पाच दिवसांत मिस्त्रींच्या घशाखाली धड घास उतरला नव्हता. क्लबच्या दोन्ही विमानांची देखभाल त्यांच्याकडे होती. अपघाताच्या आधी पंधरा दिवस झालेल्या तपासणीवर सही त्यांचीच होती. तोंडावर कुणी काही बोलत नव्हतं. फक्त ते आले की चाललेलं बोलणं थांबायचं.

चौकशीसाठी आलेल्या अधिकारी बाईंनी हँगरच्या फरशीवर ताडपत्री अंथरून मोडके तुकडे विमानाच्या आकारात मांडले होते. कुठला तुकडा कुठला हे ओळखायला त्यांनी मिस्त्रींना बोलावलं होतं. मदतीला बोलावलंय की नजरेखाली ठेवायला, हे काही मिस्त्रींना कळत नव्हतं.

"हे बघा," बाई म्हणाल्या आणि त्यांनी भिंग पुढे केलं.

पंखाला खालून तोलून धरणारी तिरकी दांडी विमानाच्या अंगाला एका बोल्टने जोडलेली असते. करंगळीपेक्षाही बारीक. डाव्या दांडीचा तो बोल्ट डोक्याजवळ तुटला होता. तुटलेला भाग जवळजवळ सगळा काळपट होता, आणि त्यावर ओल्या वाळूवर उमटाव्यात तशा बारीक रेघा. कडेला फक्त नखाच्या कोरेएवढी जागा चकाकत होती.

"चकाकतंय तेवढंच त्या दिवशी तुटलं," बाई म्हणाल्या. "बाकीचा बोल्ट कित्येक महिने थोडा थोडा चिरत गेलाय. शेवटी पंख मिटला."

"मी बघितला होता हो. बॅटरी मारून, पुसून बघितला होता."

"तडा सांध्याच्या आत आहे. बोल्ट बाहेर काढल्याशिवाय कुणालाच दिसला नसता. आणि काढून बघा असं कंपनीच्या पुस्तकात लिहिलेलंच नाही."

पाच दिवस छातीवर बसलेला धोंडा हलला. मिस्त्रींनी एक पूर्ण श्वास घेतला. दुसरा घेता घेता मात्र तो मध्येच अडकला.

"बाई, आमचं पिवळं विमान. त्यातही हेच बोल्ट आहेत. आणि ते याच्यापेक्षा जास्त तास उडालंय."

बाईंनी भिंग खाली ठेवलं. "ते मीच मागवलंय," त्या म्हणाल्या. "तुलना करायला. सकाळी निघा म्हणून मीच फोन केला होता."

पिवळं विमान डोंगररांगेच्या पलीकडच्या मैदानावर होतं, आणि ते आणायला गेला होता मिस्त्रींचा जावई. क्लबमध्ये तोच उडायला शिकवायचा. रेडिओच्या खोलीत मिस्त्रींची मुलगी बसायची.

दोघं धावतच तिथे पोचले.

"निघालाय तो, वीस मिनिटं झाली," मुलगी म्हणाली आणि बापाचं तोंड बघून उठून उभी राहिली. "बाबा, काय झालं?"

सांगितलं बाईंनी, चार वाक्यांत. मुलीने खुर्चीची पाठ घट्ट धरली, मग माइक उचलला.

"कुठे आहेस तू?"

"रांगेच्या जवळ आलोय. पाच मिनिटांत ओलांडतो," जावयाचा आवाज आला. "का गं? सासरेबुवा विचारतायत वाटतं, त्यांच्या विमानाला ओरखडा तर नाही काढला?"

"ओलांडू देऊ नका," बाई घाईने म्हणाल्या. "डोंगरावरच्या वाऱ्याचे तिथे हिसके बसतात."

मिस्त्रींनी माइक घेतला. "बाळा, मी बोलतोय."

एरवी ते 'जावईबापू' म्हणून चिडवायचे. 'बाळा' ऐकताच पलीकडचं हसू बंद झालं.

"डाव्या दांडीचा खालचा बोल्ट. डॉक्टरांचा तोच तुटलाय. वेग कमी कर. वळायचं तर मोठं वळण घे, विमान तिरपं करू नकोस. डोंगरावर येऊ नकोस. सपाट दिसेल तिथे उतर."

नुसती खरखर. मग: "बाबा, निघाल्यापासून डावीकडे टक्-टक् होतंय. मला वाटलं, दाराची कडी."

टेबलाची कड धरून मिस्त्री शक्य तितक्या साध्या आवाजात म्हणाले, "होऊ दे. तिकडे बघू नकोस. समोर बघ."

"कापणी झालेलं शेत आहे खाली. मध्ये बांध आहे, पण जमेल. डोंगराआड गेलो की आवाज तुटेल."

"अरे, ऐक," मुलगी माइककडे झेपावली, पण तोवर नुसती फस्स राहिली होती.

त्यानंतर तिघांपैकी कुणीच बसलं नाही. मुलगी दर मिनिटाला हाक मारत होती आणि उत्तर येत नव्हतं. बाई दारात उभ्या होत्या. मिस्त्रींच्या डोळ्यांसमोरून ती नखाच्या कोरेएवढी चकाकी हलेना. पिवळ्या विमानात ती किती उरली असेल? अर्धी कोर? केसभर?

एकोणीस मिनिटांनी फोन वाजला. कुणाचाच हात पुढे होईना. शेवटी मुलीने उचलला, स्पीकर लावून. आवाज अनोळखी माणसाचा होता.

"तुमचं विमान आमच्या शेतात पडलंय."

मिस्त्रींनी मुलीच्या हातून फोन ओढून घेतला. "आणि माणूस? आतला माणूस?"

"बसलाय की बांधावर. पाणी पितोय. हात थरथरतायत त्याचे, म्हणून फोन मी लावला."

मुलगी खाली बसली आणि मोठ्याने रडू लागली.

दुपारी सगळे त्या शेतात गेले. बांधाला धडकून विमानाचं पुढचं चाक वाकलं होतं, बाकी सगळं शाबूत. पंखाला टेकू देऊन मिस्त्रींनी बोल्टला पाना लावला. अर्धा फेरा फिरवताच बोल्टचं डोकं पान्यासोबत निघून हातात आलं. उरलेला तुकडा आतच राहिला. जावयाने ते पाहिलं, चार पावलं बाजूला गेला आणि ओकला. बाईंनी तिथूनच वरिष्ठांना फोन लावला: या बनावटीचं एकही विमान आता जमिनीवरून हलता कामा नये. संध्याकाळपर्यंत तसा हुकूम सगळीकडे गेला.

मिस्त्री आपल्या घरी न जाता डॉक्टरांच्या घरी गेले. दार डॉक्टरांच्या पत्नीनेच उघडलं. मिस्त्रींनी उभ्यानेच सगळं सांगितलं, बोल्ट, तडा, पुस्तकात न लिहिलेली गोष्ट. त्या ऐकत राहिल्या.

"पण तुम्ही तपासला होता ना तो?"

पुस्तकाचं नाव पुन्हा घेता आलं असतं. मिस्त्रींनी मान खाली घातली.

"बाहेरून, वहिनी. बाहेरून तपासला होता."

त्या दारातून बाजूला झाल्या आणि म्हणाल्या, "आत येऊन बसा."