दोन तळहातांमधला वॉल्व्ह

मित्रांनो, स्वतःचे काळीज टेबलावर उघडे ठेवलेले बघायला फार थोड्यांना मिळते. मला मिळाले. मी मोटारसायकल आहे, आणि चांगली म्हातारी आहे. एका सिलिंडरची, गोल दिव्याची, पायाने किक मारून सुरू करायची. हल्लीच्या गाड्या बटण दाबले की लगेच गुरगुरतात. माझी आधी थोडी मनधरणी करावी लागते.

माझा जन्म एका मोठ्या कारखान्यात झाला. वितळलेला धातू साच्यात ओतताना तो पाण्यासारखा दिसे, आणि थंड झाला की त्यातून माझ्यासारखीच्या इंजिनाचे कवच निघे. आत शिरताना मी नुसता सांगाडा होते. बाहेर पडताना गाडी झाले होते. शेवटच्या कामगाराने माझी टाकी फडक्याने पुसली, किक मारली, मान तिरकी करून आवाज ऐकला आणि म्हणाला, "हं, जा आता." एवढाच माझा निरोप समारंभ.

मला विकत घेतले ते एका लाइनमनने. विजेच्या खांबांवर चढून तुटलेल्या तारा जोडणे हे त्याचे काम. कुठे वादळात झाड तारांवर पडले की तो दोराचे वेटोळे माझ्या मागे बांधी, रबरी हातमोजे झोळीत टाकी आणि आम्ही निघत असू. मी खांबाखाली उभी राहून वर बघत असे. संध्याकाळ झालेली, सगळी वस्ती काळवंडलेली, आणि तो वर एवढासा दिसे. मग त्याचा उजवा हात हले आणि खाली एकेक खिडकी उजळत जाई. आतून मुलांचा गलका ऐकू येई. मित्रांनो, मी इतकी वर्षे रस्ते पाहिले, डोंगर पाहिले, पण त्याहून मोठे नवल मी पाहिलेले नाही. माझा वेग आणि माझा पुढचा ब्रेक त्याच उजव्या मुठीत होता, याचा मला केवढा अभिमान वाटे!

सुट्टीच्या दिवशी तो माझे लाड करी. चेनला तेल देई, प्लग काढून ब्रशने घासे. त्याची बायको दारात उभी राहून म्हणे, "अहो, तिची आंघोळ झाली असेल तर तुमचीही उरकून घ्या." तिला गल्लीत सगळे वहिनी म्हणतात, म्हणून मीही वहिनीच म्हणते. ती कवळ्या बनवते. मेणात एकेक दात बसवायचा, बारीक कोरणीने त्याच्या मुळाशी हिरडीचा उंचवटा काढायचा, असले तिचे काम. माझ्याकडे ती कधी फारसे लक्ष देत नसे. मीही तिला घरातली दुसरी बाई म्हणून थोडी दबूनच असे.

एके दिवशी सकाळी लाइनमन किल्ली घेऊन माझ्याजवळ आला. किल्ली त्याच्या हातातून पडली. ती उचलायला तो वाकला, तर बोटे मिटेनात. तो वहिनीला हाक मारू लागला, पण तोंडातून भलताच आवाज निघाला. अर्धा चेहरा ओघळल्यासारखा दिसत होता. वहिनी धावत आली. रुग्णवाहिका आली. ती गेली तेव्हा किल्ली माझ्या चाकाशी तशीच पडलेली होती.

मेंदूतली एक नस तुंबली होती. बऱ्याच दिवसांनी तो काठी टेकत घरी आला. उजवा हात अंगाशी लोंबत होता, कोणी विसरून गेलेल्या छत्रीसारखा. आणि त्याचे शब्द सांडले होते. पाणी हवे असले की तो म्हणे, "खिडकी." बायकोला हाक मारायची तर म्हणे, "तार." चुकल्याचे त्याला कळे. मग तो डोळे मिटून घेई.

मला जिन्याखाली ढकलण्यात आले. टाकीतले पेट्रोल सडून त्याचा चिकट राळेसारखा थर झाला. टायर बसले. चेन गंजून कडक झाली. एका उंदराने माझी गादी कुरतडून तिथे संसार थाटला. मी त्याला दोष देत नाही. निदान कोणाला तरी माझा उपयोग होत होता.

लाइनमनची थोरली बहीण जवळच राहते. तिला सगळे ताई म्हणतात. पडदे आणि सोफ्याची कव्हरे शिवण्याचा तिचा व्यवसाय आहे. भावावर तिचा फार जीव. तो शब्द शोधू लागला की तिला ते बघवत नसे. "काय हवंय? पाणी? चहा? चष्मा?" अशी ती शब्दांची फैर झाडी, आणि तो हरून मान हलवी. एकदा तो जिन्यापाशी उभा राहून माझ्याकडे बघत राहिला. ताईने ते पाहिले आणि आत जाऊन वहिनीला म्हणाली, "अगं, ही गाडी त्याच्या डोळ्यांसमोरून हलव. रोज बघतो आणि रोज खचतो. मी भंगारवाल्याला सांगितलंय."

भंगारवाला आला. हातगाडी दारात लावली. त्याने माझे हँडल धरून मला बाहेर ओढले, तोच लाइनमन काठी आपटत आला आणि डावा हात माझ्या टाकीवर ठेवून ओरडला, "उद्या!"

"उद्या येऊ म्हणता?" भंगारवाला म्हणाला. "बरं, उद्या येतो."

दुसऱ्या दिवशी तो आला. लाइनमन आधीपासूनच माझ्या शेजारी स्टूल टाकून बसला होता. "उद्या!" तो म्हणाला. त्याच्या पुढच्या दिवशीही तेच. भंगारवाला डोके खाजवत हसला. "वहिनी, ह्यांचा उद्या काही उगवत नाही बघा."

वहिनी मात्र हसली नाही. ती नवऱ्याच्या चेहऱ्याकडे बघत होती. त्याला 'नको' म्हणायचे होते. तो शब्द सापडत नव्हता, म्हणून जो हाताशी आला तो त्याने माझ्यासाठी ढालीसारखा पुढे धरला होता.

"भाऊ, तुम्ही परत येऊ नका," ती भंगारवाल्याला म्हणाली. "गाडी द्यायची नाही."

"मग करणार काय तिचं?" ताईने विचारले.

"उघडणार. ह्यांच्याकडून."

"ह्यांच्याकडून? त्याला पेला धरता येत नाही गं!"

"व्यायामाचा मऊ चेंडू दिला तर तो भिंतीवर फेकतात, ताई. त्या चेंडूचं ह्यांना काही पडलेलं नाही. हिचं पडलंय."

आणि मित्रांनो, असे माझे उघडणे सुरू झाले. मला मागच्या खोलीत घेतले. उंदराचे बिऱ्हाड हलवले. वहिनीने टेबलावर जुनी चादर अंथरली आणि माझा दिवा काढून समोरच्या फळीवर ठेवला. तिथून मला सगळे दिसत होते. तो डाव्या हाताने दाखवी, ती पाना लावी. काढलेले नट आणि स्क्रू त्याच्या गोळ्यांच्या रिकाम्या डब्यांत जात, सकाळच्या खणात हे, दुपारच्या खणात ते. वहिनीचे हात बघून मी थक्क झाले. कार्बोरेटरच्या ज्या भोकांतून पेट्रोल जाते ती केसाएवढी असतात. तिने भिंग लावले आणि कवळीचे कोपरे साफ करायच्या मऊ ब्रशचे तंतू घालून ती एकेक मोकळी केली. पलीकडचा उजेड भोकातून दिसला तेव्हा ती पुटपुटली, "हं, लागली हसायला."

मग वरचे झाकण निघाले, सिलिंडर निघाला, आणि माझा पिस्टन बाहेर आला. काजळीने काळाकुट्ट, मुठीएवढा. हाच तो? एवढासा? याच्यावर आम्ही डोंगर चढलो? मी आयुष्यभर याची धडधड ऐकली होती, पण त्याला पाहिले नव्हते. वहिनीने काजळी उतरवली आणि खालून धातू चमकला तेव्हा मला बोलता आले असते तरी शब्द फुटला नसता.

शब्द तर त्यालाही फुटत नव्हते. ऑइलला तो "दूध" म्हणे. प्लगला "मेणबत्ती". कार्बोरेटरला "गाळणी". वहिनीने त्याला एकदाही दुरुस्त केले नाही आणि त्याच्या आधी शब्दही उच्चारला नाही. ती पाना हातात धरून थांबे. कधी घटकाभर थांबावे लागे. तो ओठ हलवी, कपाळाला आठ्या पाडी, मग म्हणे, "ते... चक... चकती... क्लच!" ती नुसते "हं" म्हणे आणि क्लचची प्लेट उचलून देई. पण पाठ वळवली की तिचा चेहरा मला दिसे, आणि तो बघण्यासारखा असे.

वॉल्व्ह घासायचे काम आले तेव्हा खरे नवल घडले. वॉल्व्ह म्हणजे माझ्या श्वासाची दारे. ती घट्ट मिटली नाहीत तर माझ्यात जोर राहत नाही. त्यांच्या कडेला खरखरीत मलम लावायचे, डोक्याला एक काठी चिकटवायची आणि ती दोन तळहातांमध्ये धरून, थंडीत हात चोळतात तशी फिरवायची. त्याला दोन हात लागतात. एका हाताने ते होतच नाही.

वहिनीने त्याचा उजवा तळहात उचलून काठीला लावला. डावा पुढे-मागे होई आणि उजवा नुसता फरफटत जाई. काठी निसटे. तो पुन्हा लावी. घाम येई. वहिनी समोर बसून कवळीचे मेण कोरी आणि बघत नसल्यासारखे दाखवी. रोज एवढेच चाले. आणि एका दुपारी तो डावा हात डोळे पुसायला वर नेत असताना, काठी थोडीशी वळली.

काठीला दुसऱ्या कोणाचा हात लागला नव्हता. वारा नव्हता. उजव्या हाताने ती वळवली होती.

तो श्वास रोखून बघत राहिला. पुन्हा वळली. वहिनीच्या हातातले मेण खाली पडले. मीही फळीवरून बघत होते. माझ्या पिस्टनला नवी रिंग लागली तर ती दुकानातून आणता येते. त्याच्या मेंदूचा जळालेला तुकडा कुठल्या दुकानात मिळणार होता? तरी आतल्या आत, कोणताही पाना न लावता, कोणीतरी नवी वायर ओढत होते. माणसाच्या शरीरात असा कोण लाइनमन राहतो, हे मला आजही कळलेले नाही.

त्यानंतर कामाला वेग आला. नव्या रिंगा बसल्या, नवी चेन आली. वहिनीने ठरवले की माझे ठिणगी पाडणारे जुने पॉइंट काढून इलेक्ट्रॉनिक इग्निशन बसवायचे, म्हणजे मी एक-दोन किकांतच सुरू होईन. लाइनमनला ते मुळीच रुचले नाही. "जुनं," तो माझ्याकडे बोट दाखवून म्हणाला. "हिचं."

"तुमच्या नसांना रोज नवी गोळी चालते ना? मग हिला नवी वायर का चालू नये?"

त्याने डाव्या हाताने नव्या वायरचे पाकीट तिच्यापुढे सरकवले. माझ्या दिव्यात नवा पांढरा बल्ब आला. मागे बसणाऱ्याला धरायला कडी बसली. आणि एके दिवशी ताई कापडाचा गठ्ठा काखेत मारून आली. "उंदराने खाल्लेल्या गादीवर बसणार आहात का?" ती फणकाऱ्याने म्हणाली. तिने वहिनीचे पाय जमिनीला टेकतील अशी पुढून उतरती, मागे जाड अशी गादी शिवली. दुहेरी शिवण घातली. भावाने गादीवरून डावा हात फिरवला आणि तोंड उघडले. ताईच्या ओठांवर शब्द आलेच होते. वहिनीने तिचा हात दाबला. ताई थांबली.

"मऊ," तो म्हणाला. मग आणखी थोड्या वेळाने, "ताई."

आजारानंतर त्याने तिला प्रथमच हाक मारली होती. ताई उठून शिवणाची कात्री शोधू लागली. कात्री तिच्या हातातच होती.

मला सुरू करण्याचा दिवस उजाडला. वहिनीला स्कूटर येत होती, त्यामुळे किक तिनेच मारली. काही नाही. पुन्हा मारली. मी जीव एकवटला, पण आत ठिणगीच पडेना. किक मारून मारून वहिनीचा पाय भरून आला. ती पायरीवर बसली आणि पहिल्यांदाच रडवेली झाली. "माझंच काहीतरी चुकलं," ती म्हणाली. "उगाच नवं बसवायला गेले."

लाइनमन पुढे आला. काठी भिंतीला टेकवली. जन्मभर तुटलेल्या तारा शोधलेला माणूस तो. त्याने डाव्या हाताने वायर धरली आणि उजव्या हाताचे बोट तिच्यावरून सरकवत नेले. इग्निशनपासून वर, सांगाड्याच्या कडेने, टाकीखाली. त्याचे डोळे बोटाच्या मागोमाग जात होते. एका जागी ते थांबले.

"इथे," तो म्हणाला. "चेपली."

टाकी बसवताना वायर खाली दबून सोलली होती, आणि माझी ठिणगी प्लगपर्यंत पोचण्याआधीच सांगाड्यात मुरत होती. वहिनीने तिथे टेप गुंडाळली आणि किक मारली.

मी बोलले! अहाहा, मित्रांनो! तो आवाज माझाच होता आणि तरी नवा होता. खिडक्यांची तावदाने हलली. शेजारी बाहेर आले. ताई कानांवर हात ठेवून हसत होती. लाइनमनने उजवा तळहात माझ्या इंजिनाच्या झाकणावर ठेवला. "गरम!" तो ओरडला आणि हात झटकन काढला. त्या हाताला गरम लागले होते! डॉक्टरांनी टाचणी टोचली तरी त्याला कळत नसे. तो हात उंच धरून सगळ्यांना दाखवत सुटला, जणू बक्षीस मिळाले आहे.

मग आम्ही फिरायला निघालो. इतकी वर्षे तो पुढे बसत असे. आता वहिनी पुढे बसली आणि तो मागे. त्याला चढवायला ताईने हातभार लावला. त्याने कडी सोडून वहिनीच्या कमरेलाच हात घातले.

"धरलंय का नीट?" तिने विचारले.

"धरलंय."

आम्ही टेकडीचा रस्ता धरला. दोन्हीकडे विजेचे खांब होते. चढ आला तसा मी जोर लावला आणि वॉल्व्ह असे घट्ट मिटले की मला तारुण्य आठवले. अर्ध्या वाटेवर वहिनी ओरडली, "अहो, जरा हलकं धरा! बरगड्या मोडाल माझ्या!"

तो मागे इतका हसला की मी डगमगले. वहिनीने मला सावरले.

मित्रांनो, माझे मागणे लहान आहे. तुमच्या घरात एखादी गाडी बंद उभी असेल तर तिला अधूनमधून चालू करा, चेनला तेल द्या, पेट्रोल सडू देऊ नका. आणि घरात कोणी शब्द शोधत असेल, तर तो त्याच्या आधी तुम्ही बोलून टाकू नका. हातातले काम धरून थोडे थांबा. त्याचा शब्द वाटेत असतो.