फ्लॉपी कळपाबाहेर

खोटं सांगणार नाही, म्हणजे लागेल तेवढंच सांगतो. त्र्याण्णव सालचा गळीत हंगाम. गंगाखेडकडच्या एका साखर कारखान्यात मी फाटकावर चौकीदार. ऊसतोडीच्या पाळ्यांची सगळी यादी नव्या कॉम्प्युटरात, कागदावर कुठंच नाही.

दर महिन्याला कंपनीची एक फ्लॉपी यष्टीनं यायची. ऑफिसातले दिनकरराव तिचं लेबल बघायचे अन् मशीनमध्ये सारायचे. आतला प्रोग्राम आपोआप नवा व्हायचा. त्या वेळी मात्र ती दहा दिवस आधीच आली.

ऑफिसच्या पायरीवर ऊसवाली शेतकरीण कासाबाई बसलेली. तिच्या उसाला तुरे आलेले, तोडीची पाळी परवा. यादी बिघडली तर नंबर शेवटी, अन् उसाचं सरपण.

"घालू नका, दिनकरराव," मी म्हणालो.

"का बरं, लिंबाजी? लेबल कंपनीचंच हाय की."

"लेबल कुणीबी चिकटवंल. आमी घरी बाजारातून आणलेलं मेंढरू आठ दिस कळपाबाहेर बांधतो. एकानं रोग आणला की सगळी जातेत."

"हे काय मेंढरू हाय?"

कासाबाई ताडकन उठली. "बांधा की बाहीर! मेंढरापरीस माझा ऊस हलका हाय व्हय?"

वैतागून दिनकररावांनी गोदामातल्या जुन्या कॉम्प्युटरवर यादीची नक्कल उतरवली अन् फ्लॉपी तिथं सारली. "उद्या दुपारपर्यंत बघतो. मग नव्यात घालणार."

त्या दिवशी काहीच झालं नाही. मी फाटक सोडून तीनदा गोदामात गेलो, कासाबाई सातदा. ना तिला बसवत होतं, ना मला. दुसऱ्या दिवशी अकरा वाजले, साडेअकरा झाले. दिनकररावांनी हसत फ्लॉपी काढायला हात घातला, तोच पडद्यावरच्या कासाबाईच्या नावातला 'का' गळून खाली पडला. मग 'सा'. मग कणसातून दाणे झडावेत तशी सगळी यादी. अक्षरं पडद्यात मावेनात, फरशीवर सांडली. मी झाडून दोन सुपं भरली.

"नव्यात घातली असती तर..." दिनकररावांनी फ्लॉपी खेचून काढली.

"तर माझा नंबर सुपात असता," कासाबाई म्हणाली. "आता कागदावर काढा. माझ्यासमोर."

कंपनीला फोन लावला. ते म्हणाले, ती आमची नव्हेच. खरी उद्याच्या यष्टीनं येतेय, लगेच घाला.

दुसऱ्या दिवशी आली. मी ती सुतळीनं फाटकाबाहेरच्या लिंबाला बांधली.

तेवढ्यात कासाबाईची बैलगाडी आत शिरली, ठरल्या नंबरावर. बाईनं वर बसूनच उसाच्या शेंड्याचं मूठभर हिरवं वाढं उपसलं अन् फ्लॉपीपुढं टाकलं.

"आठ दिस उपाशी ठेवू नका बिचारीला," म्हणाली.